पोपटाचा डोळा सोडा, फ्रंट साइट बघा!

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणीच ऐकलेली आहे. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो फक्त पोपटाचा डोळा, असं सांगणारा अर्जुन पास आणि बाकी सगळ्यांना केटी! तेव्हापासून ‘नेम धरणं म्हणजे लक्ष्याकडे टक लावून बघणं’ हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. गंमत अशी की पिस्तुलाच्या रेंजवर हाच अर्जुन आला आणि त्याने हेच उत्तर दिलं, तर कोच त्याला पिस्तूल खाली ठेवायला सांगतील. तिथे बरोबर उत्तर वेगळं आहे : “सर, मला फक्त माझी फ्रंट साइट दिसते. लक्ष्य धूसर दिसतं.”

हे वाचून तुम्हाला विचित्र वाटलं असेल तर तुमची काही चूक नाही. आमच्या रेंजवर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ते विचित्रच वाटतं. दरवर्षी ऑगस्टमध्ये क्लबच्या नावनोंदणीला रांग लागते आणि दिवाळीनंतर बोटांवर मोजण्याइतकी मंडळी उरतात. सोडून जाणाऱ्यांचं कारण जवळजवळ ठरलेलं असतं : “माझा हात फार थरथरतो रे. हा खेळ आपला नाही.” अशी किती चांगली मुलं-मुली परत गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेकांच्या बाबतीत दोष हाताचा नसतोच. डोळा भलतीकडे बघत असतो आणि आळ हातावर येतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आपण सगळे इंजिनिअरिंगवाले, तेव्हा नुसतं ‘कोच सांगतात म्हणून’ ऐकण्यापेक्षा थोडं गणित करून बघू. दहावीतले समरूप त्रिकोण आणि बारावीतलं प्रकाशशास्त्र एवढं भांडवल पुरे.

आधी एक गैरसमज

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच आठवतोय ना? साधा टी-शर्ट, साधा चश्मा, एक हात खिशात, आणि रौप्यपदक! होस्टेलमध्ये निम्म्या लोकांच्या मोबाइलवर तो फोटो होता. १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारातलं ते पदक. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य मिळवलं.

त्या फोटोमुळे बऱ्याच जणांना वाटलं की खिशातला हात ही स्टाइल आहे. तसं काही नाही. या प्रकारात पिस्तूल एकाच हातात धरायचं असा नियमच आहे. मग मोकळा हात लोंबकळत राहिला तर शरीर हलतं, म्हणून तो खिशात खुपसतात किंवा पट्ट्यात अडकवतात. मनू भाकरचा हातही खिशातच असतो. स्टाइल दिसते ती नंतर. आधी असतं ते स्थैर्य.

लक्ष्य नेमकं केवढं?

एअर पिस्तूलचं लक्ष्य नेमबाजापासून १० मीटरवर आणि जमिनीपासून साधारण १.४ मीटर उंचीवर असतं. मधला काळा गोल ५९.५ मिमी व्यासाचा. त्यात सात ते दहा गुणांची वर्तुळं. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पेलेट, म्हणजे आपला छर्रा, ४.५ मिमीचा. छर्ऱ्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी तो गुण मिळतो.

आता हिशेब करा. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.७५ मिमी, अधिक छर्ऱ्याची त्रिज्या २.२५ मिमी, बेरीज बरोबर ८ मिमी. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडलं की दहा. पुढची वर्तुळंही प्रत्येकी ८ मिमीच्या अंतराने आहेत, म्हणून १६ मिमीपर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ, ३२ पर्यंत सात. हा ८ चा पाढा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. प्राथमिक फेरीत ७५ मिनिटांत असे ६० शॉट मारायचे असतात, आणि पैकीच्या पैकी गुण म्हणजे ६००.

चुका दोन, शिक्षा वेगवेगळी

पिस्तुलावर दोन साइट असतात. डोळ्याजवळची रिअर साइट, तिला चौकोनी खाच असते. नळीच्या टोकाला फ्रंट साइट, म्हणजे एक छोटासा काळा चौकोनी खांब. खांब खाचेच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या फटी सारख्या हव्यात आणि दोघांचे माथे एका रेषेत हवेत. याला ‘साइट अलाइनमेंट’ म्हणायचं.

हात पूर्ण लांब केला की रिअर साइट डोळ्यापासून साधारण ६० सेंमीवर येते. दोन साइटमधलं अंतर ३५ सेंमी धरू. म्हणजे फ्रंट साइट डोळ्यापासून ९५ सेंमीवर. (तुमच्या हाताच्या लांबीप्रमाणे आणि पिस्तुलाप्रमाणे आकडे थोडे बदलतील.)

पहिली चूक : अलाइनमेंट शाबूत आहे, पण खांद्यातून अख्खा हात डुलतोय. समजा फ्रंट साइट १ मिमी सरकली, पण खाच, खांब आणि डोळा एका रेषेत राहिले. ही रेषा डोळ्यापासून सुरू होते. ९५ सेंमीला १ मिमी, तर १० मीटरला किती? सुमारे साडेदहा मिमी. पाढा आठवा : हा शॉट नऊचा.

दुसरी चूक : रिअर साइट जागेवर आहे, पण मनगट किंचित वाकलं आणि खांब खाचेत १ मिमी बाजूला गेला. आता त्रिकोणाचा पाया ३५ सेंमीचाच आहे. ३५ सेंमीला १ मिमी, तर १० मीटरला सुमारे २८ मिमी! हा शॉट सातचा.

दोन्हींत फ्रंट साइट सरकली एकच मिलिमीटर. एकीची शिक्षा दुसरीच्या अडीच पटींहून जास्त. उलटा हिशेब आणखी बोलका आहे. दहा गुणांसाठी डुलण्याची सूट पाऊण मिमी आहे, पण खाचेतल्या खांबाला सूट फक्त ०.२८ मिमी. आपल्या जर्नलचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा धरला, तर जेमतेम तीन कागदांएवढी!

आता सांगा, ‘हात थरथरतो’ म्हणून कोणी किती घाबरायचं? हात प्रत्येकाचा डुलतो. जिवंत माणूस आहे, हृदय चालू आहे, श्वास चालू आहे. ऑलिम्पिक विजेत्याचाही डुलतो, फक्त कमी. नवख्याला काळ्या गोलाखाली साइट डुलताना दिसते, तो घाबरतो, आणि ती थांबवण्याच्या नादात खाचेतला खांब किती सरकला इकडे बघायचं राहूनच जातं. स्वस्त चूक डोळ्यात भरते आणि महाग चूक गुपचूप होऊन जाते.

डोळ्याचं गणित

मग दोन्ही का बघू नये? खांबही स्पष्ट, लक्ष्यही स्पष्ट? कारण डोळ्याला ते जमत नाही. आत्ता, हा अंक वाचता वाचताच प्रयोग करा. उजवा हात लांब करा, अंगठा उभा धरा, डाव्या डोळ्यासमोर वही धरा. अंगठ्याच्या नखाकडे बघा : नखावरची रेघ न् रेघ दिसेल, पण समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर धूसर. आता कॅलेंडरची तारीख वाचा : अंगठा धूसर. दोन्ही एकदम? नाही.

चश्म्याचा ‘नंबर’ म्हणजे डायॉप्टर, आणि डायॉप्टर म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. फ्रंट साइट ०.९५ मीटरवर, म्हणजे १.०५ नंबर. लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे ०.१ नंबर. फरक ०.९५, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक नंबर. एक नंबरचा चश्मा लागलेल्या मित्राचा चश्मा काढून घ्या आणि त्याला वर्गातला फळा वाचायला सांगा, म्हणजे हा फरक केवढा ते कळेल.

धूसरपणा किती हेही काढता येतं. डोळ्याची बाहुली ३ मिमी धरली, तर तिला ०.९५ ने गुणायचं : २.८५ मिलिरेडियन. आता दोन पर्याय बघा.

फोकस लक्ष्यावर ठेवला, तर फ्रंट साइटच्या कडेवर ०.९५ मीटर अंतरावर २.७ मिमीचा धूसर पट्टा येतो. मूळ खांब ४ ते ५ मिमी रुंद, आणि त्याच्या बाजूच्या फटी एखाद्या मिलिमीटरच्या. म्हणजे फट दिसतच नाही, फटीचा अंदाज दिसतो. आणि आपल्याला सांभाळायचे आहेत ०.२८ मिमी!

फोकस फ्रंट साइटवर ठेवला, तर लक्ष्यावर सुमारे २८ मिमीचा धूसरपणा येतो. ऐकायला भयंकर वाटतं. पण गोलाची कड सगळीकडून सारखीच धूसर होते. काळा गोल करड्या लाडवासारखा दिसायला लागतो, तरी लाडवाचा मध्य कुठे आहे हे डोळा बऱ्यापैकी अचूक ओळखतो. गोल धूसर झाला तरी केंद्र हलत नाही. फट धूसर झाली की मात्र सगळी माहितीच गेली.

हीच ती गोष्ट, जी कोच एका वाक्यात सांगतात आणि आपण वर्षभर ऐकून सोडून देतो : फ्रंट साइट काचेसारखी स्वच्छ, लक्ष्य धूसर. रिअर साइट फ्रंटपेक्षा जवळ असल्याने तीही थोडी धूसर दिसेल. चालतं, कारण तिथेही दोन्ही कडा सारख्याच धूसर होतात.

याच सूत्रातून दोन उपयोगी गोष्टी निघतात. बाहुली जितकी लहान तितका धूसरपणा कमी, म्हणून रेंजवर उजेड भरपूर हवा आणि काही नेमबाज चश्म्याच्या फ्रेमवर छोट्या छिद्राचा पडदा लावतात. दुसरी गोष्ट, एक डोळा मिटू नका. मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू आवळतात आणि उजेड कमी झाल्यामुळे उघड्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते. त्याऐवजी न वापरायच्या डोळ्यासमोर फिकट रंगाची पट्टी लावायची. नियमाप्रमाणे तिची रुंदी ३० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. डिकेच तर पट्टीही लावत नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवतो. पण ती अनेक वर्षांची तपश्चर्या आहे. पहिल्याच महिन्यात त्याची नक्कल करू नये.

नेम कुठे धरायचा?

काळा खांब काळ्या गोलावर ठेवला तर खांबाचा माथा दिसणारच नाही, काळ्यावर काळं. म्हणून नेम गोलाच्या खाली, पांढऱ्या भागात धरतात आणि रिअर साइटचे स्क्रू फिरवून छर्रा मध्यावर जाईल अशी जुळणी करतात. गोलाच्या कडेला अगदी चिकटून नेम धरू नका. कडेला टेकवायचं म्हटलं की डोळा कड शोधायला लक्ष्याकडे पळतो, आणि झालं! मध्ये थोडी पांढरी जागा सोडा. एक ठरावीक बिंदू न धरता एक छोटा भाग माना. त्या भागात साइट डुलत असली तरी चालेल.

हात वर आणताना

अलाइनमेंट शॉटच्या क्षणी जुळवायची नसते. ती हात वर येतानाच जुळलेली हवी. मी ज्युनिअर्सना पुढचा क्रम पाठ करायला लावतो.

१) पाय खांद्याएवढे फाकवून, अंग लक्ष्याला आडवं ठेवून उभे राहा. डोळे मिटून हात वर करा आणि मग डोळे उघडा. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे असेल तर मनगट वळवून ते मध्ये आणू नका. मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा करून बघा. शरीराला जिथे आपोआप जावंसं वाटतं, तिथेच लक्ष्य असलं पाहिजे.

२) ग्रिप रोज, दर शॉटला सारखी. मधल्या बोटांनी पिस्तूल सरळ मागे तळव्याकडे दाबायचं. अंगठ्याने आणि करंगळीने पिळायचं नाही.

३) आधी आपल्या लेनचा नंबर बघा. हसू नका, शेजाऱ्याच्या लक्ष्यावर दहा मारणारे महाभाग दरवर्षी निघतात.

४) श्वास घेत हात गोलाच्या थोडा वर न्या. कोपर आणि मनगट इथेच घट्ट. डोळ्याचा फोकस लक्ष्यावरून फ्रंट साइटवर आणायची जागा हीच. डोळ्यातल्या भिंगाला फोकस बदलायला क्षणभर लागतो, तो वेळ इथे द्या.

५) श्वास सोडत सावकाश खाली या. ट्रिगरचा पहिला सैल टप्पा येता येताच घ्या. नेमाच्या भागात पोचलात की नजर खांबाच्या माथ्यावर, आणि माथा दोन फटींच्या मध्ये.

६) साधारण सहा ते दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. डोळा थकला की धूसर खांबही स्वच्छ वाटायला लागतो, तो आपल्याला फसवतो. शॉट सोडून देण्यात कमीपणा नाही. वेळ भरपूर असतो.

२५ मीटर पिस्तूलमध्ये तर या क्रमाची खरी परीक्षा होते. त्यातल्या जलद टप्प्यात हात खाली, उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत ठेवायचा. खूण झाली की तीन सेकंदांत हात वर आणून एक शॉट, मग सात सेकंद थांबायचं, पुन्हा तीन सेकंद. असे पाच शॉट. फोकस बदलत बसायला वेळच नसतो. म्हणून हात खाली असतानाच नजर अशा अंतरावर ठेवतात, जिथे फ्रंट साइट येऊन थांबणार आहे. साइट नजरेत येते, नजर साइटला शोधायला जात नाही. या पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिमी असतं. गणित करा : खाचेत १ मिमी चूक म्हणजे २५ मीटरवर ११३ मिमी! दहाचं वर्तुळ इथे १०० मिमी व्यासाचं मोठं असूनही शॉट थेट आठात जातो. आणि फायनलमध्ये १०.२ किंवा त्याहून जास्त असेल तरच हिट, नाहीतर शून्य.

सिनेमातल्यासारखं कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढणं हा आणखी वेगळा प्रकार. पोलीस आणि लष्कराच्या प्रशिक्षणात तो असतो, आणि ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ या खेळातही. त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिथेही क्रम असाच : नजर लक्ष्यावर, पकड पक्की, पिस्तूल बाहेर, दोन्ही हात छातीसमोर जुळले, आणि हात पुढे जाताना खालून वर येणाऱ्या फ्रंट साइटवर नजर. लक्ष्य अगदी जवळ असेल तर साइट ढोबळ दिसली तरी भागतं, अंतर वाढलं की पुन्हा आपलं हेच गणित. मात्र हा प्रकार लेख वाचून करायचा नाही. आपल्या रेंजवर त्याला परवानगी नाही, आणि तेच योग्य आहे.

ट्रिगर : अर्धा लिटर दूध

एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं वजन. आणि पिस्तूल स्वतः साधारण किलोभराचं. म्हणजे पिस्तुलाच्या निम्म्या वजनाएवढं बल तुम्ही एका बोटाने लावताय. ते सरळ मागे गेलं तर ठीक, जरा तिरकं गेलं की खांब खाचेत सरकलाच.

तिरकं कधी जातं? साइट डुलत डुलत बरोबर जागी येते, मन ओरडतं “आत्ता!”, आणि बोट झटका देतं. नेमाची जागा अचूक, अलाइनमेंट मोडलेली. नऊच्या जागी सात. म्हणून साइट भागात डुलत असतानाच दाब हळूहळू वाढवत न्यायचा. शॉट कधी सुटेल हे आपल्यालाही नेमकं ठाऊक नको.

शॉट सुटल्यावर लगेच मॉनिटरकडे मान वळवायची सवय तर फार वाईट. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. ‘किती आले’ बघायची घाई झालेला माणूस शॉटच्या आधीच मनाने तिकडे पोचलेला असतो. शॉटनंतर एक पूर्ण सेकंद फ्रंट साइटकडेच बघत राहा. मग मॉनिटर न बघता सांगा : खांब कुठे होता? “थोडा उजवीकडे, आठ असेल.” मग बघा. वहीत दोन रकाने करा, एक अंदाजाचा, एक खऱ्याचा. दोन्ही रकाने जुळायला लागले की समजा, तुम्ही फ्रंट साइट खरोखर बघताय. गुण त्यानंतर वाढतात. हा क्रम उलटा होत नाही.

होस्टेलवाल्यांसाठी सराव

पहिला नियम, पिस्तूल रेंजवरच. होस्टेलच्या खोलीत, गॅलरीत, गच्चीवर, गॅदरिंगच्या नाटकात, कुठेही नाही. ‘एअर’ आहे म्हणून ते खेळणं होत नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. रेंजवरही नळी नेहमी लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. खाली ठेवताना पिस्तूल रिकामं, उघडं आणि सेफ्टी फ्लॅग लावलेलं. हे मोडणाऱ्याला आम्ही सीनिअर-ज्युनिअर न बघता बाहेर काढतो.

खोलीत पिस्तुलाशिवाय करता येण्यासारखं बरंच आहे. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली साधारण एक किलोची. ती एका हातात धरून हात लांब, दहा सेकंद धरा, अर्धा मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. खांदा दुखायला लागला की थांबा. दुसरं, अंगठ्याचा तोच प्रयोग : नख, कॅलेंडर, नख. शेवटी दहा सेकंद फक्त नख, आणि नजर कॅलेंडरकडे पळतेय का याच्यावर पहारा. ती पळतेच. कारण निरोगी डोळ्याचं आरामाचं ठिकाण दूरवर असतं, आणि जवळ बघायला त्याला कष्ट पडतात. फ्रंट साइटवर नजर टिकवणं म्हणूनच सवयीचं काम आहे.

रेंजवर आठवड्यातला एक दिवस लक्ष्याशिवाय घालवा. पांढऱ्या कोऱ्या कागदासमोर, छर्रा न भरता, पिस्तुलाच्या ड्राय फायरिंगच्या सोयीवर तीस-चाळीस शॉट. समोर काळा गोलच नाही, तर डोळा पळणार कुठे? ट्रिगर सुटताना खांब जराही हलला तर स्पष्ट दिसतो. नवख्यांना हा दिवस कंटाळवाणा वाटतो. पण वर्षभराने जे टिकलेले दिसतात, ते हा दिवस न चुकवणारेच असतात.

शेवटी...

कोल्हापूरची राही सरनोबत आपल्या मातीतली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवान इथे तिने २५ मीटर पिस्तूलमध्ये विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत शूट-ऑफपर्यंत ताणलेल्या लढतीत पुन्हा सुवर्ण. मनू भाकरचं तर सगळ्यांना माहीतच आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऐन स्पर्धेत पिस्तूल बिघडलं, वेळ गेला, अंतिम फेरी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य, आणि पाठोपाठ मिश्र सांघिकचं दुसरं. या मुलींचे हात दगडाचे नाहीत. डुलणारा हात घेऊनच त्या उभ्या राहतात आणि काम करतात ते हातातल्या तीन कागदांएवढ्या जागेवर.

तेव्हा मित्रहो, सोडून जायचं मनात असेल तर जरूर जा, पण एक महिना थांबून जा. तीस दिवस गुण लिहू नका, फक्त वहीतले ते दोन रकाने भरा. निकाल, लक्ष्य, शेजारच्या लेनवरच्याचे दहा, हे सगळं धूसर राहू दे. आपल्या हातात जे आहे तेवढं स्वच्छ दिसलं की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं. सबमिशनच्या आठवड्यातही हे सूत्र बऱ्यापैकी चालतं, असा माझा अनुभव आहे!

रेंज संध्याकाळी पाच वाजता उघडते. या.